सातवं पान

पैसे झाडाला लागत नाहीत, हे सत्य उरलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांना त्यांचे आईबाप सांगू शकतात. आम्हा नाशिकच्या मुलांना ते सांगून उपयोग नव्हता. कारण पैसे कुठे लागतात ते आम्हाला चांगलं माहीत होतं. ते नाशिकरोडला लागतात. १९२८ सालापासून तिथे नोटांचा प्रेस आहे, आणि त्याच्या आधी तीन वर्षं निघालेला सिक्युरिटी प्रेसही आहे, जिथे पोस्टाची तिकिटं आणि स्टँपपेपर छापले जातात. त्यामुळे पोरानं पेन्सिलीला पैसे मागितले की नाशिकचा बाप झाडाचं नाव काढत नसे. "मी काय प्रेसमध्ये आहे?" असं विचारायचा. आता, जो बाप खरोखरच प्रेसमध्ये आहे तो काय विचारत असेल, या प्रश्नानं मला लहानपणी बरेच दिवस छळलं.

त्याचं उत्तर आमच्याच वाड्यात राहत होतं. आमचा वाडा सराफ बाजाराच्या मागे, गंगेपासून हाकेच्या अंतरावर. (गोदावरीला नाशिकात गंगा म्हणतात. परगावची माणसं ही चूक दुरुस्त करायला जातात. त्यांनी तसं करू नये.) वरच्या मजल्यावर प्रेसमधले काका राहायचे. रोज सकाळी सायकलवर टांग मारून नाशिकरोडला जायचे, दिवसभर लाखो रुपयांत वावरायचे, संध्याकाळी झडती देऊन बाहेर पडायचे, आणि पंचवीस तारीख उलटली की आमच्या अण्णांकडे पाच रुपये उसने मागायला यायचे. वाड्यात सगळ्यात चांगला पगार त्यांचाच होता. पण पाच मुली होत्या आणि सिनेमाचा नाद होता; दोन्हीवर त्यांचा इलाज नव्हता. एकदा मी धीर करून त्यांना विचारलं, "काका, इतक्या नोटा छापता, मग त्यातलीच एक का नाही आणत?" ते रागावले नाहीत. गंभीर होऊन म्हणाले, "अरे, तिथे ते पैसे नसतात. तिथे तो माल असतो. बाहेर पडून दुसऱ्याच्या हातात गेला की मग त्याचा पैसा होतो."

पुढे पस्तीस वर्षं मी बँकेत काढली. अनेक अर्थतज्ज्ञांची व्याख्यानं साहेबांच्या धाकानं पहिल्या रांगेत बसून ऐकली. पैशाची याहून बरी व्याख्या एकानंही दिली नाही.

आमचे अण्णा सराफाच्या पेढीवर कारकून होते. म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या सोन्याचे हिशेब लिहायचे आणि रात्री आमच्या डाळीतांदळाचे. दोन्ही वह्यांतलं अक्षर सारखंच सुंदर असे, हे मुद्दाम सांगायला हवं. १९६१ साली त्यांचा पगार महिना अठ्ठ्याण्णव रुपये होता. शंभराला दोन कमी. शेठजींना आकडा पुरा करायला काय झालं होतं, असं आजी अधूनमधून म्हणायची. पण ते दोन रुपये कमी होते म्हणून माझं शिक्षण झालं. ते पुढे येईलच.

घरात माणसं सहा. अण्णा, आई, आजी, मी, धाकटा भाऊ आणि बहीण. या सहा माणसांत 'गरीब' हा शब्द होता, पण तो आमच्यासाठी नव्हता. तो इतरांना वापरायचा. गाय गरीब असे. बोहारीण गरीब असे. मधल्या खोलीतल्या मास्तरांचा स्वभाव गरीब असे. आमची फार तर 'सध्या जरा ओढ' असायची. ही सध्याची ओढ मला कळायला लागल्यापासून मी नोकरीला लागेपर्यंत चालू होती. शिवाय जी वस्तू परवडत नाही ती आम्हाला आवडत नाही, असा एक सुटसुटीत नियम होता. आम्हाला लोणी मानवत नसे. सफरचंदं पचत नसत. टेरिलिनच्या शर्टानं आमच्या अंगाला खाज सुटायची, आणि सर्कशीत म्हणे वाघाचा वास येतो. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात सफरचंद खाल्लं आणि रात्रभर पोट कधी दुखतं त्याची वाट पाहत पडलो. नाही दुखलं. त्या रात्री मला आनंद होण्याऐवजी अण्णांची फार आठवण आली. ते शेजारच्याच खोलीत झोपले होते.

घरात सगळ्यात श्रीमंत आजी. तिच्या पोथीत शंभराची एक कोरी नोट होती. आजोबा गेल्यावर शेवटच्या बांगड्या मोडून तिनं ती ठेवली होती. "माझ्या सरणाचे," असं ती सांगायची, आणि ज्या सुरात इतर बायका 'माझ्या माहेरचे' म्हणतात त्या सुरात सांगायची. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरातले सगळे डबे वाजत असत, तरी त्या नोटेकडे कुणी पाहिलं नाही. आजीच्या मते ज्याला जाळायला वर्गणी काढावी लागते तो गरीब. त्याच्या अलीकडचे सगळे खाऊनपिऊन सुखी. आजीचं मरण अण्णांच्या महिन्यापेक्षा दोन रुपयांनी महाग होतं, आणि याचा त्या दोघांनाही कुठेतरी अभिमान होता असं मला आता वाटतं. १९६९ साली गंगेला मोठा पूर आला, वाड्यात पाणी शिरलं, पोथी भिजली आणि नोटही भिजली. प्रेसमधल्या काकांनी ती पोळपाटावर पसरून, उजेडात धरून, "चालेल, माल आमचाच आहे," असा निर्वाळा दिला. पुढच्या वर्षी आजी गेली. तोवर महागाई वाढली होती. खर्च एकशे चाळीस आला. वरचे चाळीस अण्णांनी घातले. आजीला कळतं तर ती उठून बसली असती.

पण सांगायचं होतं ते गुरुवारबद्दल.

वार लावून जेवणं ही गोष्ट आताच्या मुलांना गोष्टीच्या पुस्तकातली वाटेल. परगावचा हुशार आणि कंगाल मुलगा शिकायला नाशिकला येई, आणि सात घरी जाऊन सात वार मागून घेई. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. आमच्या घरी त्र्यंबकेश्वराकडच्या एका खेड्यातला मुलगा गुरुवारी यायचा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, मान लांब, डोक्यावर शेंडी. त्याला नाव होतं, पण आम्ही त्याला गुरुवारच म्हणायचो. "आई, गुरुवार आला" असं ओरडायचो आणि आई सातवं पान मांडायची. तो दोन्ही वेळा जेवायचा. जेवताना बोलत नसे. पोळी हवी का म्हटलं तर हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे; फक्त मान थोडी कमी लांब करायचा. आई वाढायची.

गुरुवार गरीब होता. याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. "गरीबाचं पोर आहे, चिडवू नका," असं आजी आम्हाला बजावायची. आणि तो आमच्याकडे जेवायला येतो म्हणजे आपण कोण, याचं गणित मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. गुरुवारी मी जरा ताठ बसायचो.

त्याच सुमारास सरकारनं एक योजना काढली. बापाचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलं तर पोराची फी माफ. तिला सगळे ई.बी.सी. म्हणत. अठ्ठ्याण्णव गुणिले बारा म्हणजे अकराशे शहात्तर. चोवीस रुपयांनी आम्ही आत होतो. मी आणि बहीण, दोघांची मिळून फी महिना अकरा रुपये होती. अकरा रुपये म्हणजे आमच्याकडे गहू होते. आईनं फॉर्म आणून अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "ई.बी.सी. म्हणजे काय?"

मी म्हणालो, "आर्थिकदृष्ट्या मागासलेला वर्ग."

अण्णांनी फॉर्म परत केला. "मी मोडी लिहितो, बाळबोध लिहितो, इंग्रजी लिहितो. तीन लिप्यांत जमाखर्च लिहिणारा माणूस मागासलेला कसा?"

तीन दिवस फॉर्म देवळीत पडून होता. अण्णा कुणाकडे काही मागत नसत. मागावं लागतं तो गरीब, ही त्यांची व्याख्या, आणि सरकारकडे मागणं हेही मागणंच. त्या तीन दिवसांत त्यांनी आम्हाला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. पलीकडच्या काठावर पंचवटी. तिथे राम वल्कलं नेसून पर्णकुटीत राहिला, त्याला कुणी गरीब म्हटलं का? आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके. सिनेमा काढायला बायकोचे दागिने गहाण पडले, विम्याची पॉलिसी गहाण पडली. पण काढला की नाही १९१३ साली? आणि काढला तोही कुणावर, तर वचनासाठी राज्य सोडणाऱ्या हरिश्चंद्रावर. ते फाळके शेवटी इथेच, नाशकात, १९४४ साली ओढीतच गेले. म्हणून काय लहान झाले?

हे ऐकून तेव्हा माझी छाती भरून आली. आता विचार करतो तेव्हा वाटतं, आमच्याकडचे सगळे थोर गरीब मूळचे राजे आहेत. राम चौदा वर्षांच्या बदलीवर आला होता. पांडव बारा अधिक एक. हरिश्चंद्राला शेवटी सगळं व्याजासकट परत मिळालं. जन्मापासूनचा असा अस्सल गरीब एक सुदामाच, आणि त्यालासुद्धा गोष्ट संपायच्या आत सोन्याचा वाडा बांधून दिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. गरिबी आम्हाला मान्य आहे, पण ती प्रतिनियुक्तीवर आलेली हवी. अण्णा स्वतःला त्या यादीत बसवायला बघत होते. फक्त ते मूळचे कुठले राजे, ते सापडत नव्हतं.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अहो, तुम्ही मागासलेले नाही. पगार मागासलाय. पगाराच्या वतीनं सही करा."

अण्णांनी सही केली. इतकी बारीक सही मी त्यांची पुन्हा कधी पाहिली नाही.

शाळेत कारकून वर्गात यायचा आणि "ई.बी.सी.वाले उभे राहा" म्हणून पुकारायचा. मी घाम पुसत उभा राहिलो, तर अर्धा वर्ग उभा. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. ज्याला मी सावकाराचा मुलगा समजत होतो तोही उभा होता. एकच मुलगा, ज्यानं उभं राहायला हवं हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, तो खाली मान घालून बसून राहिला. त्याच्या बापानं सही केली नव्हती. तो सकाळी वर्तमानपत्रं टाकून फी भरायचा. दोन महिन्यांनी त्यानं शाळा सोडली. आम्ही उभे राहिलेले सगळे मॅट्रिक झालो. स्वाभिमान ही फार मोठी गोष्ट आहे असं मी ऐकत आलो आहे, आणि ती मोठी आहेच. पण तिचा हप्ता भरायला बहुधा घरातलं दुसरंच कुणीतरी असतं, हे त्या बसून राहिलेल्या मुलामुळे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढे दिवाळीला खरी पंचाईत झाली. शेठजींनी खूश होऊन अण्णांना पाच रुपये पगारवाढ जाहीर केली. एकशे तीन गुणिले बारा, बाराशे छत्तीस. म्हणजे पाच रुपये आले की अकरा जाणार. घरात ज्या दिवशी पगारवाढीची बातमी आली त्या दिवशी कुणी जेवलं नाही, असं घर नाशकात दुसरं नसेल. खोटं लिहायचा प्रश्नच नव्हता. शेवटी अण्णा शेठजींकडे गेले आणि पगारवाढ नको म्हणाले. कारण सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे मागणं झालं असतं. शेठजी भारावून गेले. असा निःस्पृह माणूस पाहिला नाही म्हणून त्यांनी सराफ बाजारभर सांगितलं, आणि अण्णांना पंचवीस रुपये दिवाळीची पोस्त दिली. आता पोस्त उत्पन्नात धरायची की नाही? अकराशे शहात्तर अधिक पंचवीस, बाराशे एक. अण्णा दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन विचारून आले. तिथल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "पोस्त म्हणजे प्रेम. प्रेम उत्पन्नात धरत नाहीत."

हे आठवायचं कारण असं, की परवा आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. दोन चाकांची एक आणि चार चाकांची एक, अशा दोन गाड्या त्यांच्याकडे आहेत. मुलीच्या प्रवेशासाठी त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला हवा होता. हे आरक्षण २०१९ साली आलं, आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे आठ लाख. म्हणजे महिना सहासष्ट हजारांवर काही. गृहस्थांचं उत्पन्न मर्यादेच्या किंचित वर सरकत होतं आणि ते खाली कसं ढकलावं याचा सल्ला ते निवृत्त बँकवाल्याला विचारत होते. सेतू केंद्रात तीन फेऱ्या झाल्या होत्या. "दुर्बल ठरायला फार शक्ती लागते हो," असं ते घाम पुसत म्हणाले. अण्णांनाही घाम फुटला होता, पण उलट बाजूनं. आता गरिबीला रंगही आले आहेत. १९९९ पासून रेशनकार्डं पिवळी, केशरी आणि पांढरी. पिवळं कार्ड पंधरा हजारांच्या आतल्यांचं. अण्णांना कुठलं चाललं असतं कोण जाणे. बहुधा पांढरं. मळतं, पण दिसायला बरं.

मी बँकेत लागलो तेव्हा बँकांचं नुकतंच, म्हणजे १९६९ साली, राष्ट्रीयीकरण झालं होतं. गरिबांना कर्ज द्यायचं ठरलं होतं. साहजिकच गरीब कोण, हे ठरवायचं काम आमच्या टेबलावर आलं. मी कामाचा उत्साही, त्यामुळे त्या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागलो. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांनी माणसाला दिवसाला साडेबावीसशे कॅलरी लागतात असं धरून हिशेब मांडला होता. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस. त्याच्या खाली तो दरिद्री. शहरातले सुमारे निम्मे लोक त्यांना त्या रेषेखाली सापडले होते.

१९६०-६१ हे साल आणि शहर ही दोन्ही माझी होती. मी सहज पेन्सिल उचलली. अठ्ठ्याण्णव भागिले सहा. सोळा रुपये तेहतीस पैसे.

मी पुन्हा भागून पाहिलं. बँकेतला माणूस आहे, उत्तर आवडलं नाही की पुन्हा भागतो. तेच आलं. आम्हाला त्या रेषेवर उभं राहायला एकशे पस्तीस रुपये लागत होते. शेठजींचे ते पाच घेतले असते तरी आम्ही खालीच. आमची ओढ नव्हती. आम्ही चक्क दरिद्री होतो. छापील.

संध्याकाळी घरी आलो. आई तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. कॅलरी, रेषा, साडेबावीस. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणसं किती धरलीस?"

"सहा."

"सात धर. गुरुवार राहिला."

"अगं आई, तो आठवड्यातून एकदा यायचा. आणि सातानं भागलं तर आकडा आणखी खाली जाईल. आपण आणखी गरीब होऊ."

आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं ती एरवी उधारीत पेंड मारणाऱ्या वाण्याकडे पाहायची. "सातवं पान वाढत होतो आपण," ती म्हणाली, "आणि गरीब?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दांडेकरांकडेही नसतं. भागाकारात सात हा भाजक असतो आणि तो मोठा झाला की उत्तर लहान होतं. आईच्या गणितात सात हा पुरावा होता. तो मोठा झाला की आपण मोठे होतो. दोन्ही गणितं बरोबर आहेत, हीच अडचण आहे.

बरेच दिवस मी आईच्या बाजूनं होतो. भाषणांतून ती गोष्ट सांगून टाळ्याही घेतल्या आहेत. पण एक बोचायला लागलं. आमच्या वाड्यामागच्या गल्लीत विड्या वळणारी एक बाई राहायची, तीन मुलं आणि एक सासू. तिचा माणशी हिशेब मांडला तर कदाचित आमच्याच सोळा रुपयांच्या आसपास आला असता. पण वाणी आम्हाला वहीवर माल द्यायचा आणि तिला रोखीनं. अण्णांच्या पांढऱ्या धोतराला बाजारात पत होती. तिच्या लुगड्याला नव्हती. आमच्या ओळखीचा वकील होता, डॉक्टर होता, फॉर्म वाचता येत होता. ज्या रामाच्या पर्णकुटीचा दाखला अण्णा देत, त्या रामाच्या देवळाबाहेर, काळारामाच्या दारात, १९३० सालच्या मार्चमध्ये डॉक्टर आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यामागे हजारो माणसं उभी होती आणि दारं बंद होती. त्यातल्या कुणाला वार लावून जेवायला नाशकात सात घरं मिळाली असती? आमचं अठ्ठ्याण्णवांमागचं भांडवल पगाराच्या पावतीवर लिहिलेलं नव्हतं, म्हणून आम्ही ते मोजलंच नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीला माणूस स्वाभिमान म्हणतो. निदान मी म्हणत होतो.

आणि मग १९९४ च्या सुमारास एके दिवशी सकाळी गुरुवार आला.

मनमाडला रेल्वेत होता. शेंडी गेली होती, पोट आलं होतं, मान मात्र तशीच. हातात पेढ्यांचा पुडा. अण्णा जाऊन आठ वर्षं झाली होती. आई सत्तरीच्या पुढे. तिनं त्याला ओळखायला दोन क्षण घेतले आणि लगेच स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर बसलो. मी त्याला माझी दांडेकरांची गोष्ट सांगितली, सातव्या पानाच्या टाळीसकट. तो हसला नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "माझ्या सात घरांतलं सगळ्यात ओढीचं घर तुमचं. सोमवारचं घर श्रीमंत होतं, तिथे ओसरीवर वाढायचे. बुधवारी आधी गंगेवरच्या बाजारातून भाजीची पिशवी वाहून आणायची, मग जेवायचं. तुमच्याकडे पंगतीत बसवायचे. पण काकूंचा गुरुवारचा उपास असायचा ना."

"हो, दत्ताचा. अजून आहे."

"आणि अण्णांचं पोट गुरुवारी रात्री जड असायचं. तुला आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं. आम्ही मुलं पहिल्या पंगतीला बसायचो. गुरुवारी ताठ बसायचो ते सांगितलंच आहे. दुसरी पंगत कोण कशी जेवतं ते पाहायचं आमचं वय नव्हतं. गुरुवारचं वय आमच्याहून फक्त तीन वर्षांनी जास्त होतं.

"मग तू येत का राहिलास?" मी जरा रागानंच विचारलं.

"वार सोडायचा म्हणजे काकूंना कारण सांगावं लागलं असतं," तो म्हणाला. "आणि भूक लागायची." थोडं थांबून म्हणाला, "शिवाय मी काही इतका गरीब नव्हतो रे. मला सात घरं होती. तुम्हाला एकच."

मी आत जाऊन आईला विचारलं. तिनं साफ कानावर हात ठेवले. उपास दत्ताचाच होता, तो लग्नाआधीपासूनचा, वाटल्यास तिच्या माहेरी विचारावं. माहेरी विचारायला आता कुणी उरलं नव्हतं हे तिला माहीत होतं. अण्णांच्या पोटाबद्दल म्हणाली, "पेढीवर बसून बसून होतं तसं." गुरुवार नोकरीला लागल्यावरही तिनं उपास चालू ठेवला होता, त्यामुळे पुरावा असा काही राहिला नव्हता. ऑडिटरसमोर हे प्रकरण उभं राहिलं नसतं.

तेवढ्यात तिनं पान वाढलं. वरणभात, पोळी, भोपळ्याची भाजी, लिंबाची फोड. तो वारही गुरुवारच होता हे मला तेव्हा लक्षात आलं.

"बस," ती त्याला म्हणाली.

गुरुवार चांगलाच अडचणीत आला. लांब मान खाली घालून म्हणाला, "काकू, मी नाही जेवणार. मीही गुरुवार करतो. नोकरीला लागल्यापासून."

आईचा चेहरा असा झाला की मी मधे पडायच्या तयारीत होतो. एवढी तीस वर्षं जे कुणी बोललं नाही ते तिच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं, आणि तेही उपाशी. ती काही बोलली नाही. मग एकदम माझ्याकडे वळून खेकसली, "तू काय बघतोस? बस त्या पानावर. वाढलेलं पान टाकायचंय का?"

मी नुकताच बाहेरून दोन मिसळी खाऊन आलो होतो. पण बसलो. ती दोघं समोर भिंतीला टेकून बसली आणि मनमाडच्या पाण्याबद्दल बोलू लागली. भाजीत मीठ नव्हतं. सांगायची सोय नव्हती.